दिसेल ते बोलायचं

उस्ताद, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, आणि तुमच्या हाताखाली काढलेल्या उमेदवारीच्या तीन महिन्यांतलं एक तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. मी सांगतो ते बराबर क्रमानं सांगतो, ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पहिल्या दिवसापासून सांगतो.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. मी गाडी शिकलो ती आखाडा बाळापूरला, वीटभट्टीच्या लॉरीवर. कुणी शिकवली नाही. ड्रायव्हर भाकरी खायला बसला की तेवढ्यात मागंपुढं करून शिकलो. इंजिनाचं एक हिंदी पुस्तक होतं, वरचं पान फाटलेलं, ते चार वेळा वाचून काढलं. हिंगोलीच्या एसटी डेपोत नवे ड्रायव्हर घेतले तेव्हा आम्ही नऊ जण होतो, आणि क्लचच्या पायडलला किती ढिलाई ठेवायची हे न अडखळता सांगणारा मी एकटा. तुम्ही ऐकून घेतलंत, आडनाव विचारलंत आणि गप्प झालात. त्या गप्प होण्याचा मी एकच अर्थ लावला. आमच्या वस्तीतल्या माणसाला दुसरा लावायची सवय नव्हती. तीन महिन्यांनी तुमची सही झाली तर नोकरी, नाही तर परत भट्टी. म्हणजे माझं सगळं तुमच्या हातात, आणि माझा तुमच्यावर पहिल्याच दिवशी संशय.

आपल्याकडे पुसेगावची गाडी. जाताना मी चालवायची, येताना तुम्ही. तुमचा नियम एकच: "बोलत चल. दिसेल ते बोलायचं." मग मी आपला ओरडतो आहे, डावीकडं सायकल, पुढं म्हैस, उजव्या हाताला खड्डा. पाठीमागं एक म्हातारी दुसरीला विचारते, "ह्ये पोरगं काय बडबडून राहिलं वो बाई? जनावरं मोजून राहिलंय का?" कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणतो, "मावशी, आमच्या गाडीत रेडिओ हाय. बंद व्हत न्हाई." गाडीभर हसू. बाकीच्या आठ जणांना त्यांचे उस्ताद असलं काही करायला लावत नव्हते, हे मी एकेकाला विचारून पक्कं केलं होतं. शिवाय मी चालवताना बोलायचं हे एक वेळ समजू शकतं. पण येताना तुम्ही चालवत असतानाही मीच बोलायचं, हे काहून? मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "तोंड चालू असलं की डोळा झोपत न्हाई." मला ते पटलं नाही. पुढं कधीतरी एका मासिकात वाचलं की विमान चालवणारे दोघंही दिसेल ते एकमेकांना मोठ्यानं सांगतात, तशी रीतच आहे. तेव्हा हे ठाऊक असतं तर कदाचित पटलं असतं.

आणि ती वही. दर फेरीनंतर तुम्ही बाजूला जाऊन बसायचात आणि डोळ्यांशी धरून दोन ओळी लिहायचात, त्याही उर्दूत. निजामाच्या शाळेत शिकलेले तुम्ही. तुमच्या गावातल्या कुणब्यांच्या पोरांनाही तेव्हा उर्दूच होती. मला वाटलं, माझ्याबद्दलच लिहिताय, आणि मला वाचता येऊ नये म्हणून असं लिहिताय. माझ्या चुका साठवून ठेवताय, शेवटी एकदम पुढ्यात टाकायला. मी काही असा सोडणारा नव्हतो. हिंगोलीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, दोन्ही लिप्या येणारा. त्याच्यापुढं रोज तासभर बसून अक्षरं गिरवली. दीड महिन्यात जेमतेम वाचता यायला लागलं. मग एके दुपारी पुसेगावला तुम्ही चहाला गेलात आणि मी दाराच्या कप्प्यातली वही काढली. माझ्या चुका एकाही पानावर नव्हत्या. "पुल के पास बैल नजर नहीं आया. लड़के ने बोला." "सायकलवाला नजर नहीं आया. लड़के ने बोला." पानामागून पान तेच. मी वही होती तशी, त्याच बाजूनं ठेवली.

परतीची गाडी निघाली. तुम्ही स्टेरिंगवर, मी बाजूला. ओढ्याच्या अलीकडे कडब्यानं भरलेली बैलगाडी उभी आहे, रस्त्याच्याच रंगाची. मला ती दिसते. मी बोलत नाही. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा फार उशीर झालेला असतो. बैल वाचले, माणूस वाचला, गाडीचं मागचं लाकूड मोडलं, अर्धा कडबा रस्त्यावर पडला. गाडीवान खाली उडी मारून ओरडला, "आंधळा हायेस काय रं?" तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तुला दिसली न्हाई?"

"न्हाई, उस्ताद."

"बरं," एवढंच म्हणालात, आणि उतरून कडबा गोळा करू लागलात. मीही उतरलो. आपण दोघांनी मिळून पेंढ्या रचल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः साहेबांपुढं जाऊन सांगितलंत की नजर गेली, मला स्टेरिंगवरून काढा. तुम्हाला आवारात टायरांच्या कामावर दिलं. जाण्याआधी तुम्ही माझ्या नोकरीचा कागद भरून गेलात. त्यात नजरेचा रकाना होता. तुम्ही लिहिलंत, "उत्तम." समोरची कडब्याची गाडी दिसली नाही म्हणणाऱ्या माणसाची नजर उत्तम! ही माफी होती की टोमणा, यावर मी कितीतरी वर्षं विचार करतो आहे. आडनाव ऐकून तुम्ही का गप्प झालात, तेही मला आजवर कळलेलं नाही. त्या शंकेवर तुमच्या माघारी मी पाणी सोडावं, असा काही मी मोठ्या मनाचा नाही.

हे पत्र तुमच्या मुलाला नेऊन द्यावं असं मनात आलं होतं. पण परवा स्टँडवर भेटला तर म्हणाला, "आमच्या बाबांनी स्वतःहून गाडी सोडली, कुणी काढलं न्हाई त्यान्ला." छाती काढून सांगत होता. त्याच्या हातात हा कागद मी देणार नाही.

खात्री करून घ्यायला मी गप्प बसलो, असं मी स्वतःला आणि एकदा बायकोलाही सांगितलं आहे. ते खरं नाही, उस्ताद. खात्री मला पुसेगावलाच झाली होती. मला फक्त तुमची फजिती बघायची होती. आणि मागं माणसांनी भरलेली गाडी होती, तिच्याकडं मी एकदाही वळून पाहिलं नाही.