दोन घोट पाणी

ता. ६, सोमवार
भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी सौ. सुधाला तपासले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया गुरुवारी. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने भूल जपून द्यावी लागेल. रक्त पातळ करणारी गोळी आजपासून बंद, ठोक्यांची चालूच. सर्व टिपून घेतले. सुधा : "लिहा, लिहा. मला काय, नुसतं झोपायचंय."

ता. ९, गुरुवार
पहाटे ती पेला घेऊन उभी. "अहो, ठोक्यांची गोळी घेऊ ना?"
"मध्यरात्रीनंतर काही नको म्हणजे पाणीही नको."
तिने पेला ठेवला.
रुग्णालयात नाडी १४८. डॉक्टरबाई : "गोली नै लिये क्या अम्मा? दो घूँट पानी से लेना बोली थी ना मैं."
सुधा : "भूल गई मैं."
मी शेजारीच उभा होतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

ता. १०
टिपण पुन्हा वाचले. "ठोक्यांची चालूच, त्या सकाळीही, दोन घोट पाण्याबरोबर." अक्षर माझेच. खाली "मध्यरात्रीनंतर काही नाही." अधोरेखित फक्त हे दुसरे, तेही दोनदा.

ता. ११
पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू. पुढच्या तारखेआधी पुन्हा बंद. बंदच्या दिवसांत गुठळीची भीती असते. ते दिवस तिच्या वाट्याला दुसऱ्यांदा, माझ्यामुळे.
अंबरपेठेहून मेहुणी आली. "एवढं कसं गं विसरलीस?"
"वय झालं," सुधा हसली. मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. काय वाचले, आठवत नाही.

ता. १३
विचारले, खोटे का बोललीस?
"डॉक्टरबाईंसमोर तुमचं कसं दिसलं असतं? मी काय, विसरभोळीच." मग भाजी निवडू लागली. ती काहीही विसरत नाही. वाणसामानाची यादीसुद्धा करीत नाही.

ता. १७
पातळ करणारी गोळी आजपासून बंद.

ता. २०, सोमवार
पहाटे गोळी, दोन घोट पाणी. आज तिने विचारले नाही. नाडी ७८, लय तशीच विस्कळीत.
आत नेताना डॉक्टरबाईंना थांबवले. "उस दिन वो भूली नहीं थी. मैंने मना किया था."
"अच्छा. आज लिये ना अंकल?"
"जी."
स्ट्रेचरवरून सुधा : "आता कशाला सांगत बसलात? चष्मा सांभाळा माझा."
दार ८.२० ला बंद झाले. आता ९.५५. चष्मा हातात आहे.