आप्पांनी राळ फासलेली कॅरव्हॅन

प्रिय आप्पा,

आज शुक्रवार. सकाळपासून मी कॅरव्हॅनच्या पोटाखाली उताणा पडून तुमच्याशी मोठमोठ्याने भांडत होतो. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, याचंही भान राहिलं नाही. शेवटी सुजाताने, तुमच्या लेकीने, खाली वाकून सांगितलं, "अहो, तोंडात वाळू जातेय. काय बोलायचंय ते कागदावर बोला." म्हणून हे पत्र.

इथे आखातात थंडी पडली. अल अझीझियातले निम्मे लोक समुद्रकाठी मुक्कामाला निघालेत. आपलीही गाडी काढायची, म्हणून तिचं खालचं अस्तर उघडून बघत होतो. गेल्या हिवाळ्यात तुम्ही कोकणातून आलात आणि हेच अस्तर बघून कपाळाला हात लावलात, आठवतं? "जावयबापू, ह्या काय! बुडाक इतकी भोका?"

मी सांगत होतो, आप्पा, आत फोम भरायचा तो खालून वाळूचा ताप आणि रात्रीचा गारठा वर येऊ नये म्हणून. भोकं पाणी निघून जायला आहेत. पण चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेला माणूस ऐकतोय होय! "भोक ठेवलात तर बुडतलात!" अहो, कुठे बुडणार? वाळूत?

तीन दिवस तुम्ही खाली होतात. फोम भरलात, तो झकास. मग भोकाभोकात, फटीफटीत तेलातला कापूस ठोकलात आणि वरून राळ फासलीत. ती राळ विमानातून आणलीत कशी, देव जाणे. सबंध कंपाउंडला बंदराचा वास! शेजारचे रफीकभाई, मूळचे रायगडचे, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आता हिला समुद्रात ढकला, मासे तरी मिळतील."

आणि किनाऱ्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचं पोट फुगलं! आतला पाइप गळत होता, आणि तुमच्या कारागिरीतून थेंबसुद्धा बाहेर पडेना. तुमची नात इरा ओरडली, "बाबा, कॅरव्हॅन इज प्रेग्नंट!" मी शहाणा, बरोबर खाली शिरलो आणि स्क्रूड्रायव्हर खुपसला. बाळंतपण माझ्याच अंगावर झालं.

तसाच ओलाचिंब मी चारचौघांत तुमच्यावर खेकसलो. "ही होडी नाही, आप्पा! कळत नाही तर हात कशाला लावता?" आपल्याबरोबर आलेल्या रफीकभाईंचं हसू थांबलं. तुम्ही नुसतं म्हणालात, "चुकला माझा." मग एकटेच खाली शिरलात आणि तासाभराने बाहेर येऊन चहा मागितलात. मला वाटलं, खलास, विषय संपला. तुम्ही गावी परतलात आणि जूनमध्ये गेलातच. माफी मागायची राहूनच गेली.

आज मी ती जागा उघडली. पाइपात आरपार घुसलेला तीन इंची स्क्रू! शेगडीचा स्टँड हलू नये म्हणून वरून गाडीच्या तळात पिळलेला. कुणी? मीच! आणि त्याच्याभोवती तुमचा कापूस, तुमची राळ. आजतागायत थेंब नाही. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आप्पा! मग बोलला का नाहीत?

मी सुजाताला बोलावून स्क्रू दाखवला. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. आप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं. 'स्क्रू जावयांचोच असा. पण चारचौघांत जावयाक खोटो कसो पाडू? तू काय सांगू नको हां.'"

बापाचा शब्द म्हणून ती गप्प राहिली. आणि मी? ज्याच्या त्याच्या घरी जेवायला गेलो की "सासऱ्यांनी कॅरव्हॅनची होडी केली" हा किस्सा रंगवून सांगत होतो. ती शेजारी बसून ऐकत होती.

अहो, जावयाचा मान म्हणजे अधिक महिन्यात ताट, कपडे, फार तर अंगठी. इतका मान कुणी देतं का? लाज वाटते हो, आप्पा. आणि तुमची फार आठवण येते.

पाणी जायला दोन भोकं मी ठेवतोय, रागवू नका. बाकीचं तुमचं काम तसंच राहील. आणि पुढच्या शुक्रवारी त्याच किनाऱ्यावर, त्याच चारचौघांत, रफीकभाईंसमोर तो किस्सा मी पुन्हा सांगणार आहे. स्क्रूसकट. सुजाताला अगदी समोरच्या खुर्चीत बसवून.

तुमचा जावई,
नितीन