चंडोलांची राखण

३ एप्रिल, सकाळी ६
हवामान केंद्राच्या आवारात पर्जन्यमापकाच्या सावलीला चंडोलाचं घरटं. तीन अंडी. चार वर्षांत इथे थेंब पडला नाही, ते भांडं निदान कुणाच्या उपयोगी आलं. या वाळवंटात देवाने पाहुणे धाडले, तेही माझ्याकडे. संकल्प: लांबून पाहणे. दिवसातून एकदा.

४ एप्रिल
पाचदा पाहिलं. दोनदा रीडिंगसाठी जावंच लागतं, म्हणजे तीनदाच. मी जवळ गेलो की नर सरळ वर उडून गातो. बायको म्हणते, गात नाही, तुम्हाला हाकलतोय. तिला गाण्याचा कान पहिल्यापासून नाही.

५ एप्रिल
वाटीभर पाणी ठेवलं. शिवले नाहीत. टँकरवाला म्हणाला, किड्यांतल्या ओलाव्यावर भागतं त्यांचं. पाणी विकणाऱ्याने हे सांगावं!

७ एप्रिल
घरट्याच्या एका कडेला खड्यांची रास. बिचारीला टोचत असणार. शिवाय आवारात खडे नसावेत असा नियम आहे. सगळे वेचून कुंपणापार टाकले. मादी तारेवरून बघत होती. आभार मानायची पद्धत त्यांच्यात नसावी.

८ एप्रिल, दुपारी ३
वारा ताशी चाळीस किलोमीटर. घरट्यात वाळू जातेय. मादी चोचीत एकेक खडा आणून ठेवते. मी बायकोला खिडकीशी बोलावलं, म्हटलं, खेळतेय बघ.
"अहो, भिंत घालतेय ती. तुम्ही पाडलेली."


९ एप्रिल
रात्रभर चैन नव्हतं. पहाटे जप केला, मार्ग सुचला: स्वतःच आडोसा व्हायचं. सातपासून घरट्याला खेटून बसलो, छत्री वाऱ्याकडे धरून. पाठ मोडली, हललो नाही. मादी तारेवर, मीही ठाम. ऊन चढलं. अकराला टँकरवाला आला, बराच वेळ बघत राहिला.
"काका, तुम्ही उठल्याशिवाय ती बसणार कशी?"
उठलो. अंड्याला बोट लावलं. चटका बसला.

१० एप्रिल
बायकोने रजेचा अर्ज लिहून समोर ठेवला. कारण: घरगुती. रीडिंग ती घेणार, लांबून, दुर्बिणीने. किती दिवस, असं मी विचारलं. ठरलं नाही म्हणाली. टँकरमधून निघालो.
वाटेत तिचा फोन आला. मी फाटकाबाहेर पडलो तशी मादी येऊन अंड्यांवर बसली म्हणे.
टँकरवाल्याला विचारलं, पिल्लं निघतील ना? त्याने काच खाली केली. "ऊन लागलंय, काका. एखादं निघालं तर निघालं."
देवाचं नाव घेतलं. पुढे काय मागावं, सुचेना.