पालखीच्या वाटेवरच्या वाडीची व्यवस्था

मी, गिरिजा रामनाथ भोईर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार नवघर गाव, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. छातीचं दुखणं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही. फूस लावायला मुलगा जितेंद्र येऊन गेला, त्याचा उपयोग झाला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर जितेंद्रला. माझी मुलगी उर्मिला हिने त्यावर हक्क सांगू नये.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. पाटल्या उर्मिलाच्या. जाऊबाई चंद्रावतीने माझं पितळी घंगाळ लग्नकार्याला म्हणून नेलं ते नेलंच. ते तिच्याकडेच राहू दे, आंघोळ करताना माझी आठवण येईल.

३. घरामागची वाडी. ही माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिलेली, माझ्या एकटीच्या मालकीची. दसऱ्याला गावदेवीची पालखी इथे टेकते. पूर्वी आम्ही वाडीतलं गवत विळ्याने कापून तेच पालखीखाली अंथरायचो आणि मग तिथे वाल पेरायचो. जितेंद्र पालखी मंडळाचा सेक्रेटरी झाला आणि त्याला जमीन लादीसारखी स्वच्छ हवी झाली. "आये, पालखीखाली गवत दिसला तं लोका हासतीन," म्हणाला आणि दरवर्षी तणनाशक मारू लागला. मी आडवी गेले तर म्हणे, "देवीचा काम हाय, न्हाय बोलू नको." देवीचं नाव पुढे केल्यावर कोणाकडे दाद मागायची?

पूर्वी वालाचं रोप उपटलं की मुळांना बारीक गाठी दिसायच्या, फोडल्या की आतून गुलाबी. त्या गाठींतले जंतू रोपाला खत पुरवतात. आता गाठी नाहीत, गांडूळ नाही, पावसाचं पाणी जिरत नाही. शेणाच्या पाट्या टाकल्या तर शेण तसंच वाळून पडलं, कुजलंसुद्धा नाही. कुजवायला मातीत कोणी जिवंत असावं लागतं.

मोरीच्या पाण्यावर अळू आहे, तिथे पालखी जात नाही म्हणून औषध पडलं नाही. तेवढीच माती जिवंत उरली आहे.

ही वाडी, अळवाच्या जागेसकट, मी उर्मिलाला देते. अटी अशा: औषध मारायचं नाही. डबर-मातीची भरणी घालायची नाही, शेजारच्या सोसायटीला पार्किंगला द्यायची नाही. अळवाखालची माती पाटीपाटीने वाडीत टाकायची, वर पालापाचोळा घालायचा आणि वाल पेरत राहायचं. पालखीचा मान चालू राहील, पण देवी गवतावर टेकेल. मंडळाला चालत नसेल तर मंडळाने दुसरी जागा बघावी.

उर्मिला भाईंदरातच, इंद्रलोक वसाहतीत फ्लॅटमध्ये राहते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, मला ऑफिसमधून घरी यायलाच रात्र होते गं. आणि एवढं करून जमीन जिवंत नाहीच झाली तर? मी काय करणार आहे, सांग ना."

४. माझी राख वाडीत टाकू नये. जितेंद्रला लोकांना दाखवायला तसं करावंसं वाटेल. राख खाडीत सोडावी.

५. यंदा दसऱ्याआधी जितेंद्र पंप पाठीला लावून वाडीत गेला आणि तसाच परत आला. भर पावसाळा सरला तरी मारायला गवतच उगवलं नव्हतं. "बघ आये, कसा साफ झालाय," म्हणाला. खूश होता. मी मोरीत जाऊन रडले.

उर्मिला, मेलेली जमीन तुझ्या पदरात टाकते आहे, हे मला कळतं. तू सोडलीस तर ती त्याच्याकडे जाईल. आईने मुलीपुढे हात जोडू नयेत, तरी जोडते. नाही म्हणू नकोस.

लिहून ठेवणार: गिरिजा रामनाथ भोईर (सही)

गिरिजाबाईंनी हे स्वतः वाचून आमच्या डोळ्यांदेखत सही केली, त्यानंतर आम्ही केली.

साक्षीदार:
१. मिनल सुभाष राऊत, नवघर (सही)
२. विठू काशिनाथ केणी, काशीगाव (सही)

ठिकाण: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५