शून्याची खूण

२ जून, सोमवार

पहिल्याच दिवशी तीन प्रकरणं उडवली! सकाळी वेग, दुपारी त्वरण, चहानंतर वर फेकलेला दगड. नियमित मुलांना जे वर्षभर शिकवतात ते आम्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना तीन आठवड्यांत. २१ तारखेला तोंडी परीक्षा. दगड वर जाईपर्यंत मी लिहून घेतलं. तो खाली येईस्तोवर फळा पुसून झाला होता.

कशासाठी आले ते लिहून ठेवते, म्हणजे पळून जावंसं वाटलं की वाचता येईल. नदीवरच्या जलमापन केंद्राची मी दोन वर्षं तात्पुरती प्रमुख आहे. कार्यालयाचं पत्र असं — ३० जूनपर्यंत भौतिकशास्त्र पास झाल्याचा दाखला आला तर कायम, नाहीतर पदवीवाला कोणी बिश्केकहून पाठवू. केंद्राचं घर प्रमुखाला असतं. म्हणजे घरही त्याचं. नवरा गेल्यावर मला त्या घराशिवाय दुसरं काही नाही.

रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ — पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीवर पातळी वाचायची, वहीत लिहायची. बावीस वर्षांत एक खाडा नाही. आणि मला हे वेग म्हणजे काय ते शिकवतायत!

३ जून

शिक्षकाचं नाव सिर्गाक. वय अठ्ठावीस, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. मी सेहेचाळीस. मी वर्गात शिरले तर तो उठून उभा राहिला! तो उठला म्हणून अख्खा वर्ग उठला. एका मुलाला वाटलं मीच शिक्षिका — बिचाऱ्याने धावत जाऊन माझ्यासाठी फळा पुसला.

मी त्याला ‘आगाय’ म्हणायचं, कारण तो मास्तर. तो मला ‘एजे’ म्हणणार, कारण मी थोरल्या बहिणीच्या वयाची. दोघांचीही जीभ अडखळते. पहिल्या बाकावर मधोमध माझी जागा राखून ठेवली आहे. प्रश्न सगळ्यांना विचारतो, मला सोडून.

बरंच आहे की.

४ जून

वसतिगृहात खोलीला जोडीदारीण मेएरिम. वीस वर्षांची, तोकमोकला औषधाच्या दुकानात काम करते. तोंडाने तिखट पण हुशार. मी दोन तास पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचली. सगळी कळली. म्हटलं, सोपं आहे हो हे!

ती म्हणाली, “पुस्तक मिटा आणि तेच उदाहरण करून दाखवा.”

मिटलं. पहिली ओळसुद्धा आली नाही. दुसऱ्याचं पोहणं काठावरून बघत बसले होते, दुसरं काय.

६ जून

प्रयोगाचा दिवस. दोरीला लोखंडी गोळा टांगायचा, झोके मोजायचे, त्यावरून पृथ्वीचं खेचणं काढायचं. आमच्या टेबलावर मेएरिम धरून चौघं. टेप माझ्याच हातात दिली — “एजे, तुम्हीच मोजा, तुमचं तर आयुष्य मोजण्यात गेलं.” खोटं नाही. वरपासून गाठीपर्यंत मोजलं, पन्नास सेंटीमीटर. झोके दहा वेळा मोजले, सरासरी काढली. उत्तर ९.४३. यायला हवं ९.८ च्या आसपास. पुन्हा दहा वेळा. पुन्हा ९.४३!

सिर्गाक आला. गोळ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “छान, एजे. आकडे किती नीट लिहिलेत.” आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

७ जून

शेजारच्या टेबलाला ९.७९ आलं म्हणे. मी नाश्त्याला मेएरिमला विचारलं, असं कसं?

“ते गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं असतं. तुम्ही गाठीपर्यंत मोजलंत. दोन सेंटीमीटर कमी धरले.”

“तुला कधी कळलं?”

“तुम्ही मोजत होतात तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस गं?”

ती पावाला लोणी लावत राहिली. म्हणाली, “एजे, तुम्हाला कसं सांगणार?”

म्हणजे त्या टेबलावरच्या तिघांना ठाऊक होतं! सगळ्यांनी गुमान माझा चुकीचा आकडा आपापल्या वहीत उतरवून घेतला, आणि सगळ्यांचे गुण गेले. अशा मानपानाला काय चाटायचंय?

८ जून, रविवार

घरी फोन केला. शेजारीण आठ-आठचं वाचन घेते आहे. तिला तीनदा बजावलं — खाडा होऊ देऊ नकोस. मग नारीनला बेइशेन-अतांना फोन. अता म्हणजे बाबा, सगळेच त्यांना तसं म्हणतात. माझ्या आधीचे केंद्रप्रमुख, मला हे काम त्यांनीच शिकवलं. आता बहात्तरचे आहेत, पण आवाज तसाच. “पोरी, आकडे नीट ठेवतेस ना? नदी खोटं बोलत नाही, आपणही बोलू नये.”

मी कामाला लागले त्याच वसंतात, २००३ साली, बर्फ फुटून मोजपट्टी उपटून गेली होती. अता पन्नाशीचे, कमरेइतक्या पाण्यात उतरून नवी पट्टी रोवत होते आणि मी काठावर पाणसळ धरून उभी. नंतर आठ दिवस तापाने फणफणले. असा माणूस पुन्हा होणे नाही.

९ जून

सिर्गाकला मधल्या सुट्टीत जिन्यापाशी गाठलं. वर्गाबाहेर होतो म्हणून सरळ अरे-तुरेवर आले.

“गाठीपर्यंत मोजलं हे तुला दिसलं होतं ना रे?”

“दिसलं होतं, एजे.” कान लाल.

“मग बोललास का नाहीस?”

“मला आजीने वाढवलंय. चारचौघांत तुम्हाला चूक म्हणालो असतो तर ती थडग्यातून उठून आली असती.”

“आणि मी नापास झाले तर ती येणार आहे का माझं घर राखायला?”

त्याला घराचं ठाऊक नव्हतं. सगळं सांगितलं. म्हटलं, या वर्गात मी सगळ्यांत धाकटी. चुकले की चूक म्हणायचं — तिथल्या तिथे, मोठ्याने. म्हणाला, “प्रयत्न करतो, एजे.” परीक्षा जणू त्याचीच होती.

१० जून

दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. वर्गात कुजबुज. “एजे, तिथे कुठे बसताय, वाऱ्यात?” मी म्हटलं, दाराजवळची जागा धाकट्याची ना? मग मी बरोबर बसले आहे.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुलं अभ्यासाला जमतात, तिथेही मला आत, भिंतीशी, मानाच्या जागी बसवत होते. नाही बसले. किटली उचलली आणि सगळ्यांचा चहा मी ओतला. मेएरिमला मेल्याहून मेल्यासारखं झालं — “माझ्या आईला कळलं तर मला जिवंत ठेवणार नाही!” घरून आणलेले कुरुत मधे ठेवले. खारट दह्याच्या गोळ्या चघळत चघळत पोरांनी मला बलाची चित्रं काढायला शिकवली. आधी चित्र. मग बाण. आकडे सगळ्यांत शेवटी. मी उलटी सुरुवात करत होते.

११ जून

पहिली चाचणी. तीसपैकी नऊ!

सिर्गाकने लाल पेन्सिलीने वही रंगवून टाकली आहे. एका ठिकाणी तर ‘हे काय?’ असं लिहिलंय. लिहून मग खोडलंय. पण लिहिलं होतं!

१२ जून

आज फळ्यापाशी मला “चूक” म्हणाला. आवाज चिरकला त्याचा. मी पुसलं, पुन्हा लिहिलं, बरोबर आलं.

काही झालं नाही. छत पडलं नाही.

१३ जून

आता जमतंय ते असं — उद्याचं प्रकरण आदल्या दिवशी नुसतं चाळायचं. न कळलेलं त्याच दिवशी विचारायचं, कारण इथे उद्या म्हणजे दोन प्रकरणं पुढे. उदाहरण पुस्तक मिटून करायचं. आणि मेएरिमला समजावून सांगायचं. ती जांभई द्यायला लागली की मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही. अजून एकदाही तिने चुकीच्या वेळी जांभई दिलेली नाही.

१४ जून, शनिवार

विजेचं प्रकरण सुरू झालं, पण त्याआधी तासभर सिर्गाकने मोजमापातल्या चुका शिकवल्या. आमचा गोळाच पुन्हा टांगला.

म्हणाला, “चुका दोन प्रकारच्या. एक इकडेतिकडे जाणारी. कधी जास्त, कधी कमी. पुष्कळदा मोजलं की ती सरासरीत विरून जाते. दुसरी कायम एकाच बाजूला जाते. टेपच चुकीच्या जागी धरली, तर लाखदा मोजा, ती तेवढीच राहणार. उलट आकडे इतके एकसारखे येतात की आपली खात्रीच पटते.”

पोरांनी लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही.

आज विजेचं प्रकरण वाचायला मन होत नाही. झोपते.

१५ जून, रविवार

गेल्या रविवारी अतांची गोष्ट लिहिली ती अर्धीच लिहिली.

पाणसळीतला बुडबुडा मध्यावर नव्हता. मी पाहिला. अता पाण्यातून ओरडले, “बरोबर आहे ना?” मी म्हणाले, “बरोबर.” मी चोवीस वर्षांची, कामाला लागून महिना झालेला. ते थंडीने निळे पडले होते. थोरल्या माणसाला ‘चुकलं, पुन्हा रोवा’ म्हणू कशी? संध्याकाळी ते तापात पडले असताना मी एकटीने टेप लावून पाहिली. खडकातल्या लोखंडी खिळ्यापासून पट्टीच्या शून्याच्या खुणेपर्यंत २१० सेंटीमीटर हवेत. आले २१४. शून्य चार सेंटीमीटर खाली गेलं होतं. टेप गुंडाळली आणि घरी आले.

पुढे एकदाही मोजून पाहिलं नाही. तपासनीस येतात, मटण खातात, वही उघडून म्हणतात, आकडे किती नीट लिहिलेत.

बावीस वर्षं नदी चार सेंटीमीटर जास्त. दिवसातून दोनदा, म्हणजे सोळा हजार आकडे. खालच्या गावांच्या कालव्यांचं पाणी त्यांवरून ठरतं. आणि मी एका पोराला जिन्यापाशी धरून विचारते, बोललास का नाहीस!

१६ जून

चाचणी. तीसपैकी एकोणीस. मेएरिमने मिठी मारली.

परीक्षा होईपर्यंत तो विषय बंद. आधी घर.

१८ जून

परीक्षेआधीची इथली रीत म्हणे — मुलांनी खिडकीतून गुणपुस्तिका बाहेर धरून नशिबाला हाका मारल्या. फुकटात ये गं बाई, ये! खालून कुणीतरी ओरडलं, “ती सुट्टीवर गेली!” मलाही धरायला लावली. धरली. वर मागे पाहून घेतलं, सिर्गाक तर नाही ना.

१९ जून

दोन तारांत वीज कशी वाटून जाते ते मला पाण्यावरून चटकन कळलं. कालवा दोन फाट्यांत फुटला तर होतं तसंच. सिर्गाक म्हणाला, “एजे, हे पुढच्या वर्षी मी असंच शिकवीन.” दिवसभर तरंगत होते.

२१ जून, शनिवार

टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या. माझी बारावी. ऊर्जेची अक्षय्यता, आणि एक विजेचं उदाहरण. सिर्गाक दोनदा “चूक” म्हणाला, न अडखळता. दोन्ही वेळा मी स्वतः दुरुस्त केलं. मग पुस्तिका पुढे ओढली आणि पेन उघडताना म्हणाला, “एक जास्तीचा प्रश्न. तुमच्याच नदीचा. दिवसातून दोनदा, बावीस वर्षं वाचनं घेतलीत. एवढ्या वाचनांच्या सरासरीत चूक निघून जाईल का?”

त्याला काही ठाऊक नाही. त्याला वाटलं, सोपा, ओळखीचा प्रश्न देऊ.

मी म्हटलं, “काही जाईल. काही नाही.”

“नाही जाणार ती कोणती?”

“पट्टीच चुकीची रोवली असेल तर ती.”

“उत्तम!” म्हणाला, आणि चार लिहिले. पाचपैकी चार. उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. “आता पुन्हा तुम्हाला थोरली मानतो, एजे. परवानगी आहे?”

बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले. मेएरिमला वाटलं आनंदाने. थोडं आनंदानेही होतं.

दाखला मिळाला. घर वाचलं. कुणाला काही सांगितलं नाही तर.

२२ जून, रविवार

घरी जाताना नारीनला बस थांबते तिथे उतरले. अता अंगणात बसले होते. सुनेने किमिझ, घोडीचं आंबवलेलं दूध, वाटीत दिलं. मी वाटी खाली ठेवून सगळं सांगितलं — बुडबुडा, टेप, २१४. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. कार्यालयाला कळवणार हेही सांगितलं. बावीस वर्षं चुकीचे आकडे पाठवणाऱ्या बाईला ते ठेवतील की नाही, कुणास ठाऊक.

अता म्हणाले, “तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही मोठे होतात, अता.”

त्यांनी माझी वाटी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, “मी पुन्हा उतरलो असतो गं पाण्यात.”

२३ जून, सोमवार

दाखला आणि चुकलेल्या शून्याचं पत्र एकाच पाकिटात घालून टपालाच्या गाडीवाल्याकडे दिलं.

सकाळी आठ. पट्टीवर १८७. वहीत १८३ लिहिलं.