अडलेली

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! जाम गावच्या चौकात एसटीतून उतरले, तर मला न्यायला चक्क रुग्णवाहिका. ड्रायव्हर लहानूभाऊ म्हणाले, दुसरी गाडीच नाही, बसा. मग माझी बॅग स्ट्रेचरवर झोपली आणि मी पुढे बसले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. एकीने मान वर करून हात हलवला. मीही हलवला.

ग्रामीण रुग्णालय लहान आहे, पण नीटनेटकं. दारावर ताजी पाटी: डॉ. काजल देशकर, स्त्रीरोगतज्ज्ञ. ही जागा कित्येक वर्षं रिकामी होती म्हणे. छाया सिस्टरने दारात रांगोळी काढली होती आणि घरून गोळाभात आणला होता. वरून गरम तेल. मी दोनदा घेतला.

पुण्याहून रजतचा फोन आला. आपल्या एका गल्लीत चार बायकांच्या डॉक्टरांच्या पाट्या आहेत आणि तिथे अख्ख्या पट्ट्यात तू एकटी, म्हणजे राणीच की, असं म्हणून नवरोबा हसत होते. मीही हसले. खरंच छान वाटतंय.

८ नोव्हेंबर
ओपीडीला जत्रा होती. एका दिवसाचं वेचणं बुडवून आलेल्या बायका. रक्त कमी, पाय सुजलेले, कधी कुणी तपासलेलंच नाही. अन्नपूर्णा म्हणून एक पहिलटकरीण आली, लाजाळू. बाळाचं डोकं खाली, सगळं उत्तम. डॉप्लरवर ठोके ऐकवले तर खुदकन हसली आणि ‘अजून एकदा आयकवा ना बाई’ म्हणाली. ऐकवले.

बाकाच्या टोकाला हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. दिवस पूर्ण भरलेले, पोट दोन्ही हातांनी खालून धरलेलं. तिला आधी आत घ्या, असं छायाला सांगितलं. छाया जाऊन आली. तिथे कुणीच नाही म्हणाली, दमला असाल.

१३ नोव्हेंबर
हिरव्या लुगड्यातली आज पुन्हा आली. आज बाकावर सगळ्यांच्या आधी. मान खाली, चेहरा दिसत नाही. मी स्वतःच उठून गेले, तोवर जागा रिकामी. खाली फरशी ओली होती.

तो वास आमच्या धंद्यातलं कुणी चुकणार नाही. पाणमोट फुटली होती.

मी संडासामागे पाहिलं, फाटकापर्यंत धावले, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. अशा अवस्थेत बाई जाणार कुठे? परत आले तर छाया फिनेल घेऊन फरशी पुसत होती. कुणाचं पाणी, कशाचं, एका शब्दाने विचारलं नाही तिने. तेच मला आवडलं नाही.

२१ नोव्हेंबर
मागच्या आठवड्यात एक बाई रक्तस्राव होत आली. इथे भूलतज्ज्ञ नाही, म्हणजे सिझेरियन नाही. वर्ध्याला पाठवण्यावाचून इलाज नव्हता. गाडीचं दार लावताना दिसलं, तिच्या पायाशी हिरवं लुगडं बसलेलं. मी ओरडले. लहानूभाऊंनी आरशात पाहिलं, नजर खाली घातली आणि गाडी काढली.

बाई वाचली. बाळ गेलं.

आज तिची सासू कागदावर सही घ्यायला आली होती. जाताना तिने सहज विचारलं, तुम्ही सोबत दिलेली ती बाई कोण? रस्ताभर सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली होती. हात बर्फासारखा गार. आणि एकच बोलत होती: ‘मले मागं न्या.’

२३ नोव्हेंबर
लहानूभाऊंना गाठलं. गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं.

तिचं नाव कोकिळा. दोन वर्षांपूर्वी इथेच आणली होती. बाळ आडवं, हात बाहेर आलेला. माझ्या खुर्चीत कुणी नव्हतं, म्हणून छायाने वर्ध्याला पाठवली. जाम मागे पडलं तशी ती म्हणायला लागली, गाडी मागे फिरवा. लहानूभाऊ म्हणत राहिले, थांब माय, वर्धा आलंच.

‘मागं फिरून कोनाले दाखवू, बाई? खुर्ची खाली व्हती.’

रस्त्यातच गेली. मूल पोटातच. तुम्ही आल्यापासून बाकावर येऊन बसते, म्हणाले.

‘अडली थे. अजून अडूनच हाये.’

असं काही नसतं, मी म्हटलं. माझाच आवाज मला पटला नाही.

२९ नोव्हेंबर
आज जिच्या पोटावर हात ठेवला तिचं बाळ आडवं. पहिलीचं आडवं. दुसरीचं आडवं. याच बायकांच्या बाळांची डोकी मी स्वतः खाली पाहिली होती. एखादीचं फिरतं. सगळ्यांची एकदम?

अन्नपूर्णाचंही. बाहेरून वळवायला गेले तर तळव्याखालून कुणीतरी उलट ढकललं. छोटासा हात. बोटं कळली मला.

तिने डॉप्लर लावायला सांगितलं. लावला. ठोके नाहीत. एका बाईचा दमलेला आवाज, अगदी जवळून —

‘माहा नंबर पयला व्हता.’

अन्नपूर्णा हसत होती. तिला ठोकेच ऐकू येत होते.

१ डिसेंबर
रजतला सगळं सांगितलं. हसला नाही. पुण्यात एका मोठ्या रुग्णालयात जागा आहे, गाडी घेऊन निघतो म्हणाला. मी बॅग भरलीय. भीती वाटते, दुसरं काही नाही. या बायकांना उद्या कोण बघणार — माहीत नाही.

बाक आज भरलेला होता. मी खोलीचं दार लावून घेतलं.

३ डिसेंबर, दुपारी
रजत जामपर्यंत पोचलाय. आता येईल.

अन्नपूर्णाला ट्रॅक्टरवर घालून आणलं. कळा जोरात. बाळाचा एक हात बाहेर, निळा पडलेला. लगेच वर्ध्याला काढलं. तेच बरोबर होतं. भूलतज्ज्ञाशिवाय मी काय —

गाडीत हिरवं लुगडं आधीच बसलेलं होतं. मी पाहिलं.

पाहूनही दार लावलं.

३ डिसेंबर, थोड्या वेळाने
गाडी परत आली.

जामच्या पुढे अन्नपूर्णाच्या तोंडून दुसराच आवाज यायला लागला. मागं फिरवा, मागं फिरवा. या वेळी लहानूभाऊंनी फिरवली.

नाडी हाताला लागत नाहीये तिची. छाया नुसती माझ्याकडे बघतेय. फाटकाशी रजत हॉर्न वाजवतोय. आत्ता उठले तर संध्याकाळपर्यंत वर्धा जिल्हा मागे पडेल.

ती माझ्या दारात उभी आहे. पहिल्यांदाच मान वर केली तिने. किती लहान आहे. माझ्याहून कितीतरी लहान — आणि घाबरलेली —

मी मोठ्याने हाक मारली. कोकिळा. पहिला नंबर. ये आत.

३ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर —

कोकिळा टेबलावर निजली. मी मोजे चढवले. हात आत घालून बाळाचे पाय शोधायचे, बाळ फिरवायचं. शिकलेय मी ते. आत थंड. नदीतल्यासारखं थंड. पाय लागला. फिरवलं. फिरलं!

पलीकडच्या खोलीत त्याच वेळी रडणं. छाया ओरडली, अन्नपूर्णा सुटली, डोक्याकडून आलं, जिवंत आहे, मुलगी आहे. मी रडले. मोठ्याने रडले.

कोकिळाही हसली. सुटले म्हणाली. लुगडं सावरून उठली, दारातून बाहेर गेली. मी पाहिलं तिला जाताना.

पण हात —

माझा उजवा हात बाहेर आलेला नाही. छाया म्हणते टेबल रिकामं आहे, हात नुसता हवेत का धरलाय. रजत खांद्याला धरून ओढतोय. निघत नाही. मनगटाला बारीक बोटं घट्ट धरून आहेत.

आई गेली. बाळ माझ्यापाशी ठेवून गेली. ते बाहेर यायला बघत नाही — ते मला आत —

कोपरापर्यंत —