ओडिला लांडगीण आणि रस्त्यावरचा पसारा

तीर्थरूप ओस्मुंडमामांना भाचा फेर्गन टोपी काढून नमस्कार करतो.

तुमचा गुडघा कसा आहे? खाणीतलं पाणी ओसरलं का? ओडिलामामींना आणि त्यांच्या बकऱ्यांनाही विचारलंय म्हणून सांगा. आम्ही ठीक आहोत. जव बरा आला, सलगमाचं कढण रोजचंच आहे, आणि लांडग्यांचा फारसा त्रास नाही. त्यातली एक सध्या माझ्या चुलीपाशी झोपलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागे रानातून एक लांडगीण आली आणि कोबीच्या वाफ्यांभोवती घुटमळू लागली. आपण सगळे ज्याच्या खेळात राहतो, त्या वरच्याने तिच्या डोक्यावर शिकारीची लाल खूण उमटवली. खूण उमटली की आपलं काही चालत नाही (तुमच्याकडे ऐन लग्नात मांडवाच्या खांबावर तोडणीची खूण उमटली होती, तसंच). आमची शिकारीण ब्रिटा धनुष्य घेऊन निघाली. पण वरच्याने कामांचा क्रम असा लावलाय, की रस्त्यात काही पडलेलं दिसलं तर आधी ते कोठारात आणून ठेवायचं, शिकार नंतर. तिला वाटेत फळी दिसली, ती घेऊन परत आली. पुन्हा निघाली तर सलगम, मग कोणाचा तरी एकच जोडा. लांडगीण बिचारी मरायची वाट बघत उभी, आणि ही आपली हेलपाटे घालतेय. शेवटी हिच्या टोपलीतून मटणाचा तुकडा पडला, लांडगिणीने तो खाल्ला आणि मुकाट्याने हिच्यामागे कोठारापर्यंत आली. वरच्याच्या लेखी हे झालं माणसाळणं. माणसाळलेल्या जनावराला नाव वरूनच मिळतं, त्यात आमचा हात नसतो, एवढं मामींना नीट समजावून सांगा. तिचं नाव ओडिला पडलं.

ओडिला (आमची) स्वभावाने फार चांगली आहे. पोरं तिच्या अंगावर लोळतात, आणि थंडीत मी तिच्या पोटाखाली पाय घालून बसतो तरी गुरगुरत नाही. माझा तिच्यावर जीव जडलाय, उगाच लपवत नाही. पण लाल खूण तिच्या डोक्यावर तशीच आहे. वरचा सध्या बुरूज बांधण्यात गुंतलाय, खूण पुसायचं त्याला सुचलेलं नाही, आणि त्याला हाका मारून उपयोग नसतो. म्हणजे ज्या दिवशी रस्ता साफ असेल, त्या दिवशी ब्रिटाला बाण सोडावाच लागेल. परवा मला म्हणाली, "फेर्गनदादा, माझे हात माझं ऐकत नाहीत हो. तेवढा रस्ता रिकामा ठेवू नका." आणि रडायला लागली. रडता रडता माझा झाडू उचलून कोठारात ठेवून आली.

तेव्हापासून अख्खी वस्ती पसारा करतेय. रस्त्यात साधा चमचा दिसला तरी गाव डोक्यावर घेणारा मी कोठारवाला, आता उजाडल्याबरोबर वेशीपर्यंत पळ्या फेकत जातो. म्हातारा अस्केल कधी कोणाला खिळा उसना देत नाही, पण त्याने घराचं दार काढून रस्त्यात टाकलं. मी म्हटलं, "अहो, गारठून मराल." तर म्हणाला, "माझ्या थंडीचं मी बघतो, तू तुझं कपाट काढ." कपाटही काढलं. ब्रिटाचे दंड आता लोहारापेक्षा जाड झालेत. अडचण एवढीच, की कोठारात गेलेली वस्तू वरच्याच्या हुकमाशिवाय बाहेर येत नाही (मी कोठारवाला असूनसुद्धा), आणि घरं रिकामी होत चाललीत.

बाकी सर्व क्षेम. मामींची समजूत पटली की कळवा.

तुमचा
फेर्गन

ता. क. तुमच्याकडची फुटकी मडकी, मोडकी स्टुलं, जे काही असेल ते गाडीभर पाठवा. गाडीवानाला सांगा, नीट उतरवू नकोस, वेशीपासून सांडत ये.

आणखी एक ता. क. पत्र गाडीवानाकडे द्यायला आत्ता दारात आलो, तर रस्ता लख्ख दिसतोय आणि ब्रिटा धनुष्याला दोरी चढवतेय. तेव्हा मामा, हे पत्र तुम्हाला पोचलं नाही तर रागावू नका. ते आमच्या कोठारात आहे, आणि ओडिला खुशाल आहे.